चौथ्या वायरीवरचा सूर्यभान

दोनला पाच कमी असताना सूर्यभानने कॉम्प्युटरला विचारलं, आता कोण कोण जोडलेलं आहे; आणि कॉम्प्युटरने दोन ओळींत सांगितलं, पहिल्या टर्मिनलवर सूर्यभान, चौथ्या टर्मिनलवर सूर्यभान. विचारायला तसं काही कारण नव्हतं. जेवून आल्यावर हात पुसता पुसता तो ही आज्ञा देत असे, काही माणसं बसण्याआधी उगाच खुर्ची झटकतात तशी. पहिल्या टर्मिनलच्या स्क्रीन-कीबोर्डासमोर तो स्वतः होता. चौथं टर्मिनल बिघडलं म्हणून दिवाळीपासून अडगळीच्या खोलीत जुन्या सतरंजीखाली पडलं होतं आणि खोलीला कुलूप होतं. त्याने मान वळवून मागे पाहिलं. मागे भिंत होती. एसी घरघरत होता आणि तरी पाठीला घाम आला होता. त्याने पुन्हा विचारलं. या खेपेला एकच ओळ आली. दुसरा सूर्यभान कामाची वेळ सुरू होण्याआधी निघून गेला होता, अगदी शिस्तीने, एखाद्या जुन्या कारकुनासारखा.

परभणीतल्या त्या सरकारी कार्यालयात ही एकच थंड खोली, आणि तिच्या दारावर पाटी: पादत्राणे बाहेर काढावीत. धुळीने मशीन मरतं असा सगळ्यांचा पक्का समज. त्यामुळे नायब तहसीलदार असो की अव्वल कारकून, एकदा तर एका आमदाराचा पुतण्या, सगळे त्या दाराशी वाकून बुटांच्या नाड्या सोडत, आणि सूर्यभान आत बसून काचेतून ते बघत असे. त्याचा बाप, दत्तराव, गावच्या वरच्या आळीतून जाताना वहाणा काढून काखेत धरायचा. हे सूर्यभानने कार्यालयात कुणाला सांगितलं नव्हतं; सांगायचं काय त्यात, बघायचं फक्त. त्याचा दुसरा आनंद पासवर्डचा. वस्तीत तो प्रत्येकाला जयभीम घाली, कार्यालयात मात्र तीन वर्षं नमस्कार. कुणी मना केलं नव्हतं, पण पहिल्या दिवशी तोंडातून नमस्कार गेला आणि तोच चिकटला. रोज सकाळी मशीन पासवर्ड मागायचं आणि तो इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा: जयभीम. पासवर्डाची अक्षरं स्क्रीनवर उमटत नसतात. कुणाला दिसलं नाही, कुणाला ऐकू गेलं नाही, पण दार उघडलं. एवढ्यावर त्याचा दिवस चांगला जाई, आणि असल्या लहान गोष्टीवर आपला दिवस चांगला जातो याची मधूनच त्याला चीडही येई.

मशीन आल्या-गेल्याची नोंद ठेवतं. त्याने महिन्याभराची नोंद काढली. रविवार सोडून रोज, एक वाजून दहा-बारा मिनिटांनी, चौथ्या टर्मिनलवर सूर्यभान येत होता आणि दोनच्या आत जात होता. हा आत येऊन करतो काय? मशीनमध्ये त्या दिवसांत एकच महत्त्वाचं काम चाललं होतं, गायरानाची यादी. गावोगावची पडीक गायरानं ज्यांनी नांगरून खाल्ली, त्यांतल्या एप्रिल नव्वदच्या आधीपासून कसणाऱ्यांच्या नावावर ती जमीन करायची, असं सरकारने ठरवलं होतं. तालुक्यांतून अर्ज आले, सूर्यभानने दोन महिने खपून ते भरले आणि अर्जांचे गठ्ठे तालुक्यांना परत गेले. आता गुरुवारी यादी छापून मुंबईला जायची होती. त्याने बोरीपलीकडच्या आपल्या गावाचं पान उघडलं. चांगुणाबाई दत्तराव, गट नंबर, चार एकर, केव्हापासून कसते: १९९१. त्याने डोळे चोळले. हे पान त्याने स्वतः भरलं होतं, एकोणीसशे एकोणसत्तर म्हणून. त्या साली तो मायच्या पाठीवर होता. बापाने ती माळजमीन फोडली, गोटे वेचून बांध घातला, आणि दर साली सरकारने अतिक्रमणाचा दंड केला. दंडाची पावती हाच कसणाऱ्याचा पुरावा म्हणून लोक दंड भरायला हौसेने जायचे. मायने त्या पावत्या पत्र्याच्या डब्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवल्या होत्या. अर्जाला जोडताना एकेक पावती तिने कपाळाला लावली होती. खालची नावं बघितली. एक्क्याण्णव, ब्याण्णव, एक्क्याण्णव. गावातली एक्केचाळीस घरं, सगळी नव्वदच्या पलीकडे ढकललेली. शेजारच्या गावांचीही तीच गत; खरी सालं अर्जांत, आणि अर्ज तालुक्यांत. मोजत तीनशे बारापर्यंत आला आणि थांबला. प्रत्येक बदलाखाली, बदल कुणी केला या रकान्यात, एकच नाव होतं. सूर्यभान.

मंगळवारी माय आली, एसटीने, पदरात हुरडा बांधून. वस्तीतल्या त्याच्या भाड्याच्या खोलीत ती भिंतीला टेकून बसली आणि त्याच्या तळव्यावर हुरडा चोळून ठेवू लागली. संक्रांत तीन दिवसांवर होती. विद्यापीठाचं नाव बदलायचा निर्णय आता होतो की मग होतो, असं चाललं होतं आणि चौकात पोलिसांची गाडी उभी होती. "गावात लय गरम हाय," ती म्हणाली. "वरच्या आळीच्या व्यंकटरावाची पोरं पारावर बसून ऐकू यील असं बोलायलेत. यंदा नाव लागलं तर मागल्यावानी करू म्हनतेत. म्या तर साफ सांगितलं, करा, मव्हं रान आता नावावर व्हायलंय." तिने आणखी हुरडा चोळला. "तू त्या यंतरात घातलंस न्हवं नाव?" "घातलं." "नीट घातलंस?" "नीट घातलं, माय." "चार एकर नावावर झालं का मी मरायला मोकळी. त्या रानापायी तर गेला तुजा बाप." हुरडा त्याच्या तोंडात फिरत राहिला. तिला सांगावं तर ती अशीच उठून कार्यालयात येईल आणि दारात उभी राहून शंख करील. मग ते यादी काढून दाखवतील, आणि यादीत तिच्या लेकाचं नाव असेल. वस्तीत ते कळायला किती वेळ? पोराने मशीनवर बसून आपल्याच लोकांच्या जमिनी खाल्ल्या. लोक त्याला मारतील की नुसते बघतील, याचा तो विचार करू लागला. नुसतं बघणं जास्त वाईट.

बाप गेला तो विद्यापीठाच्या याच नावापायी, निदान लोक तसं म्हणत. अठ्ठ्याहत्तर साल. विधिमंडळात ठराव झाला त्या आठवड्यात दुपारच्या वेळी ते आले. आधी रस्त्यावर बाभळी पाडल्या, मग टेलिफोनच्या तारा तोडल्या. अकरा वर्षांचा सूर्यभान ज्वारीत लपला होता, ज्वारी जेमतेम त्याला झाकेल एवढी होती. कुऱ्हाडी, काठ्या, रॉकेलचे डबे, हे सगळं त्याला पुढे आठवायचं पण अंधुक. स्वच्छ आठवायचा तो आवाज. व्यंकटरावांचा दिवाणजी हातात कागद धरून नावं वाचत होता. ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता, शाळेत हजेरी घेतात तसा ओळीने वाचत होता, आणि ज्यांची नावं त्या कागदावर होती ते सगळे गायरान कसणारे होते. विद्यापीठ कुठे आहे हे त्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. घरं आतून कड्या घालून गप्प बसली होती. मग दिवाणजीने वाचलं, दत्तराव, आणि आतून बापाचा आवाज आला, "हाजर जी." बहात्तरच्या दुष्काळापासून सहा वर्षं बाप खडी फोडायला जात होता. मस्टरवर नाव पुकारलं की लगेच हाजर म्हणायचं, न्हाईतर रोज बुडतो, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की मरणाच्या भीतीतही तोंडातून तेच गेलं. क्षणभर बाहेरचे लोकसुद्धा चपापले. एक जण तर हसला. मग त्यांनी दार फोडलं. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. बाप तिसऱ्या घावाला उंबऱ्यावर आडवा झाला आणि त्याच्या अंगावरून लोक रॉकेल घेऊन आत गेले. सूर्यभानने ज्वारीचं पान दातांत धरलं होतं, त्याने जीभ कापली. केस झाली, साक्षीदार फुटले, केस बारगळली. सूर्यभानला बापाचा राग यायचा. गप्प बसला असता तर? जगातल्या सगळ्या याद्यांचा राग यायचा; आणि पोटासाठी त्याने काम धरलं ते याद्या भरायचं.

बुधवारी साहेब दौऱ्यावर होते. सूर्यभान डबा घेऊन नेहमीसारखा एक वाजता उठला. बाकीचे व्हरांड्यात टेबलं जोडून जेवत. त्याला कुणी ये म्हणत नसे, आणि त्याने कधी जाऊन पाहिलं नव्हतं. तो मागच्या पायऱ्यांवर बसायचा, तिथे सावली बरी होती असं तो स्वतःला सांगायचा. त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही. मशीनमधून चार काळ्या वायरी निघत होत्या. तीन वायरी तीन टर्मिनलांना जात होत्या. चौथी भिंतीच्या भोकातून बाहेर पडत होती. त्याने तिच्यावर नजर ठेवली आणि चालू लागला. व्हरांड्याच्या छताखालून, दिव्याच्या पट्टीवरून, अडगळीच्या खोलीच्या दारावरून. तिथे ती संपायला हवी होती. संपली नव्हती. तिला नवा तुकडा जोडला होता, जोडावर चिकटपट्टी होती, आणि नवा तुकडा पुढे निघाला होता. "काय हुडकायलास रे?" जेवणाऱ्यांतून माणिकराव शिपायाने विचारलं. "उंदीर," तो म्हणाला. "वायर कातरायलेत." "मग सापडला का?" कुणीतरी हसलं. "सापडंल," म्हणत तो वायरीखालून पुढे सरकला. मनात मात्र त्याने केव्हाच मारायला सुरुवात केली होती. कुणाला ते माहीत नव्हतं, चेहरा नव्हता, नुसतं डोकं होतं आणि तो ते भिंतीवर आपटत होता. प्रत्येक खिळ्याला एकदा. आपल्याला हे इतकं सरावाचं कसं, याचं त्याला नवल वाटलं. वायर एका दाराच्या चौकटीशेजारी भिंतीतून आत गेली. भोकाभोवतीचा चुना अजून पांढरा होता. दार अव्वल कारकून बन्सीधर यांचं.

बन्सीधर म्हणजे सगळ्यांचे भाऊसाहेब. सूर्यभानचा नोकरीचा अर्ज धूळ खात पडला होता तो त्यांनीच वर काढला होता. पित्ताचा त्रास म्हणून ते दुपारी जेवत नसत, दार लोटून पडत. सूर्यभानने दार ढकललं. कपाटाच्या आडोशाला बिघडलं म्हणून टाकलेलं चौथं टर्मिनल चालू होतं, हिरव्या अक्षरांचा उजेड भाऊसाहेबांच्या चष्म्यावर पडला होता. ते दचकले, पण फार नाही. "ये. दार लोट," ते म्हणाले. "बस."

"माझ्या नावानं बसलाव तुमी."

"मग? मव्हं नाव त्या मशिनीत कुठंय?"

"पासवर्ड कुनी दिला?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "द्यायचा कशाला? पैल्याच फटक्यात लागला. तुजा दुसरा काय असनार?"

सूर्यभानच्या कानात हवा शिरल्यासारखं झालं. ज्या नावाची पाटी लागू नये म्हणून याच्यासारख्यांनी माणसं तोडली, ते नाव हा माणूस महिनाभर रोज दुपारी आपल्या बोटांनी टाइप करत होता; आणि दार त्यालाही उघडत होतं. आपण जे जपलं असं समजत होतो ते आपल्या कपाळावर लिहिलेलं होतं, येणारा-जाणारा वाचत होता. मग तीन वर्षं गप्प कशाला बसलो?

"व्यंकटराव मव्हे सोयरे हायत," भाऊसाहेब समजुतीने सांगू लागले. आवाजात राग नव्हता, जडीबुटी देणाऱ्या म्हाताऱ्यासारखी काळजी होती. "त्या गायरानापायी गावं पेटतेत, तू तर डोळ्यानं बघितलंस. ही यादी निगाली तशी गेली असती, तर ह्या संक्रांतीला मुडदे पडले असते. खोटं सांगायलो का? म्हनून म्हन्लं, कागदावरच मिटू दे. ह्या बारीला कुनाचं रगत निगायचं न्हाई. तुज्या मायचं बी न्हाई." मग थांबून म्हणाले, "आन बोंब मारलीस तर मशीन तुजंच नाव सांगतंय. मी काय म्हनून सांगू?"

टेबलावर कागदाला भोकं पाडायचा लोखंडी पंच होता. सूर्यभानने तो पाहिला, त्याचं वजन हातात घेतल्यासारखं मनाने जोखलं, भाऊसाहेबांच्या टकलावरची शीर पाहिली. आता मारायचं. पायाखालची फरशी त्याला गार लागली, म्हणून त्याने खाली पाहिलं. पाय उघडे होते. आत येताना त्याने चपला बाहेर काढल्या होत्या. या दाराला पाटी नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं. चोर पकडायला आला होता आणि चोराच्या दाराशी त्याने वहाणा काढल्या होत्या, बापाने काढल्या असत्या तशा. त्याला इतकी किळस आली की हात उचलेना. तो बाहेर आला, चपला पायांत घातल्या आणि मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला.

गुरुवारी सकाळी त्याने साहेबांना सगळं सांगितलं. दिनकरराव तरुण होते, पुण्याकडचे, पैसे न खाणारे. शांतपणे ऐकून घेऊन ते स्वतः उठले आणि भाऊसाहेबांच्या खोलीत गेले. कपाटामागे काही नव्हतं. वायरीचं टोक लोंबत होतं. "घंटीसाठी वायर ओढली होती साहेब, राहिली तशीच," भाऊसाहेब म्हणाले. अडगळीच्या खोलीत चौथं टर्मिनल सतरंजीखाली पुन्हा जागच्या जागी होतं. साहेबांनी सूर्यभानला आपल्या खोलीत नेलं.

"त्या अडगळीच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"शिपायाकडं. आन एक माझ्याकडं."

"पासवर्ड तुमचाच?"

"माझाच, साहेब."

"रोज एक ते दोन तुम्ही कुठे असता?"

"मागच्या पायऱ्यांवर. जेवतो तिथं."

"सोबत कोण असतं?"

तीन वर्षांत एकाही माणसाने सूर्यभानशेजारी बसून भाकरी मोडली नव्हती, आणि आज त्याची साक्ष द्यायला एकही माणूस नव्हता. आधीच्या प्रती दाखवाव्यात, तर एकच फ्लॉपींचा संच होता, दर शनिवारी त्याच्यावरच नवी प्रत चढायची. दुसरा संच मंजूर झाला नव्हता. "साहेब, तालुक्याचे अर्ज मागवा," तो म्हणाला. "पावत्या लावल्यात त्यांना. एक कागद उघडला तर कळंल. माझ्या मायचाच उघडा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "यादी आज चार वाजता निघायची आहे. मशीनमध्ये यादी तयार आहे. ती तयार असताना नऊ तालुक्यांचे गठ्ठे कशाला उघडायचे? मला वर काय कारण देऊ? तुमची चौकशी नंतर होईल, निष्पक्ष होईल, घाबरू नका. आता जा आणि छापायला घ्या." ते वाईट माणूस नव्हते. त्यांना ते खरोखर सोपं वाटत होतं.

सूर्यभान आपल्या खोलीशी आला. पाटीकडे पाहिलं आणि चपलांसकट आत गेला. मशीन चालू होतं, हिरवं अक्षर टिमटिमत होतं. ह्या मशीनची धूळ तो स्वतःच्या रुमालाने पुसत असे. पहिल्या पगारातून त्याने त्याला सुती कापडाचा गिलाफ शिवून आणला होता. मशीनमध्ये यादी तयार आहे. ती तयार असताना कशाला उघडायचे. साहेबांचं वाक्य त्याच्या डोक्यात सरळ उभं राहिलं, आणि एकदम त्याला कळलं की त्यांनी अगदी बरोबर सांगितलं आहे. त्याने फ्लॉपींचा डबा काढला आणि एकेक फ्लॉपी गुडघ्यावर मोडली. मग लोखंडी स्टूल दोन्ही हातांनी उचललं. पहिला घाव स्क्रीनवर बसला, काच फुटून हातावर आली. पण यादी स्क्रीनमध्ये नसते हे त्याला माहीत होतं. तो खालच्या पेटीकडे वळला. पत्रा दबला, वाकला, फाटला. त्याने फटीत हात घालून आतली जड चकती ओढून काढली, मनगटाचं कातडं सोलून निघालं. चकती फरशीवर ठेवून तो स्टुलाच्या पायाने ती ठेचू लागला. तो रडत होता आणि ठेचत होता. बापाची, मायची, एक्केचाळीस घरांची, तीनशे बारा जणांची नावं होती त्यात, आणि तो ती आपल्या हाताने ठेचत होता.

माणिकराव आधी आला, मग बाकीचे. कुणी स्टूल हिसकावलं, कुणी मानगूट धरली. "सरकारी मशीन फोडलं, मारा भडव्याला." ठोसा कानावर बसला, लाथ बरगड्यांत बसली. ह्या लोकांना तो रोज नमस्कार घालत होता. हातात इतका जोर कुठून आला त्यांच्या? मागे भाऊसाहेब ओरडत होते, "मारू नका रे, मारू नका," आणि त्यांचा आवाज खरा वाटत होता. सूर्यभान दोन्ही हातांनी डोकं झाकून, अंगाचं मुटकुळं करून, दारातून पलीकडे बघत होता. साहेब पांढरेफटक पडून आले, चकतीकडे पाहिलं, मोडक्या फ्लॉपींकडे पाहिलं, आणि बाहेरच्या टेबलावरचा फोन उचलला. जिंतूर तहसीलचा नंबर मागितला. ओरडून बोलावं लागत होतं.

"गायरानाचे मूळ अर्ज. हो, सगळे. नाही, नुसती यादी नको, जोडलेल्या पावत्यांसकट पाठवा. गाडी आजच सोडा. मुदत मी वाढवून घेतो."

मग त्यांनी पाथरीचा नंबर मागितला.

सूर्यभानने हे ऐकलं, आणि डोक्यावरचे हात काढून घेतले. मग मारणाऱ्यांना मारायचं तितकं त्याने मारू दिलं.